दिपालीची ठेव

नांदूरघाटजवळच्या वस्तीशाळेत उत्तरेश्वर गुरुजींनी पोरांची बँक काढली, ती एका कीर्तनामुळं. सप्त्यात बुवा म्हणाले होते, नाम काय अन् दाम काय, रोज थोडं थोडं साठवावं. अडीअडचणीला दोन्ही उभे राहतात. गुरुजींच्या मनात ते असं बसलं की जूनला शाळा उघडताच त्यांनी पत्र्याचा डबा आणून कुलूप लावलं. दर शनिवारी प्रार्थना झाली की पोरं रुपया-दोन रुपये टाकायची. नियम एकच, मार्चआधी डबा उघडायचा नाही.

"गुरुजी, माझे दहा द्या की," राम दर आठवड्याला टुमणं लावायचा.

"कावून रे?"

"वेफर घ्यायचेत."

"आज खाल्लेले वेफर उद्या सकाळी रानात जातेत, बाळा. डब्यातला रुपया कुठं जात न्हाई." पोरं खिदळायची.

सगळ्यांत जास्त ठेव चौथीतल्या दिपालीची. सुट्टीला आजीसंगं खुरपायला जाऊन जमवलेले तीनशे चाळीस रुपये. गुरुजी उठता-बसता तिचंच उदाहरण द्यायचे.

दसरा झाला. वस्तीत ऊसतोडीला जायची बांधाबांध सुरू झाली. शनिवारी शाळा सुटताना दिपाली टेबलाशी येऊन उभी राहिली.

"गुरुजी, माझे पैसे पाहिजेत. सगळे."

गुरुजी हसले. "तू पण का? अगं, तुझ्याकडं बघून बाकीचे टाकायलेत. मार्चला घे."

"आजच लागतेत."

"न्हाई म्हणलं ना. मन आवरायला शिकावं माणसानं."

तिनं दप्तर खांद्याला अडकवलं अन् ती गेली.

सोमवारी तिची जागा रिकामी. मधल्या सुट्टीत गुरुजी तिच्या घरी गेले. आजी, मंजुळाबाई, दारात शेंगा फोडत बसली होती.

"गेली की, गुरुजी. काल ट्रक आलता. माझा अजिनाथ, सून, लहानगं, समदेच गेले."

"दिपाली तुमच्यापाशी राहणार होती ना?"

"राहते म्हणून लई रडली. मीच म्हणले, बाई, माझंच मला भागंना, पाच महिने तुला काय घालू? तर म्हणली, थांब आजी, शाळेत माझे पैसे हायत, त्याचे गहू आणू. गेली अन् तशीच माघारी आली. मग काय, गुमान बसली ट्रकात."

गुरुजी तिथंच ओट्यावर टेकले. तीनशे चाळीस रुपयांत पाच महिने निघाले नसते, हे त्यांनाही कळत होतं. पण कारण कळलं असतं, तर त्यांनी घरचं पोतं आणून दिलं असतं. रामला निदान 'कावून' तरी विचारायचे; हिला तेवढंही विचारलं नाही. अडचणीसाठी साठवायला शिकवलं, अन् अडचण समोर येऊन उभी राहिली तेव्हा कुलूप दाखवलं. पांडुरंगा, हे माझ्या हातून काय झालं?

त्यांनी अजिनाथला फोन लावला.

"पोरीला धाड बाबा माघारी. मी येतो न्यायला. माझ्या घरी राहील, शिकंल."

"आता कसं जमंल, गुरुजी? तिची माय फडात असती. लहान्याला बघायला दिपालीच हाय. गुढीपाडव्याला येऊ आमी."

"बरं, तिला दे जरा."

तिकडं कुजबुज झाली.

"न्हाई म्हणती, गुरुजी. काम हाय म्हणती."

फोन तसाच चालू राहिला. मागं कुणीतरी कोयता घासत होतं. बाळ रडत होतं, अन् दिपाली त्याला थोपटत होती, "उगी, माझ्या राजा, उगी." तो आवाज नऊ वर्षांच्या पोरीचा वाटत नव्हता. बाळ शांत होईपर्यंत गुरुजी ऐकत राहिले.