जोडीतला दुसरा

दुर्बिणीचं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहायला बसलो होतो आणि 'प्रिय' या शब्दापाशीच अडलो. पुढे काय लिहावं? कॉलेजात आम्ही एकमेकांना नावानं कधी हाक मारलीच नव्हती. तो दुर्बीण आणि मी कारकून. ही नावं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पडली होती. प्रयोग जोडीनं करायचे असत. तो यंत्राला डोळा लावून आकडे सांगायचा, मी बाजूच्या स्टुलावर बसून लिहायचो. हात त्याचा चांगला, अक्षर माझं चांगलं. तसं कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं.

ते उत्तर गेलं नाही ते नाहीच.

पत्रात त्यानं लिहिलं होतं की विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाल्यावरही विद्यापीठानं त्याच्या गळ्यात एक काम मारलं आहे. प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका करायची. हजेरी किती लागते, जर्नल कधी तपासून घ्यायचं, विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित आहे, सगळं त्यात हवं. 'मला लिहायचा कंटाळा, तुला ठाऊकच आहे. तू लिहून दे. जन्मभर दुसऱ्यांची प्रुफं तपासलीस, तुला काय जड आहे?'

जड होतं ते वेगळंच.

आमच्या वेळी लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावं लागे. आणि प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला जोडी नसते. माझ्या वाट्याला स्पेक्ट्रोमीटर आला. प्रिझममधून प्रकाश किती वळतो ते मोजायचं यंत्र. नळीतून पाहिलं तर पिवळी रेघ दिसली. ती मधल्या तारेवर आणायची होती. मी बारीक स्क्रू फिरवू लागलो. रेघ जागची हलेना. परीक्षक मागे येऊन उभे राहिले.

"याबद्दल जर्नलमध्ये काय लिहिलंय तुम्ही?"

मी घडाघडा म्हणून दाखवलं, "बारीक स्क्रू वापरण्यापूर्वी नळीचा मुख्य स्क्रू आवळून घ्यावा." आणि म्हणत असताना माझा हात तोच बारीक स्क्रू फिरवत होता. परीक्षक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"पाठांतर छान आहे. बसा," म्हणाले.

माझ्याच जर्नलवरून उतरवून दुर्बीण पहिल्या वर्गात आला. मी पुन्हा परीक्षेला बसलो नाही. भीड म्हणा, भित्रेपणा म्हणा. एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागलो आणि तिथेच म्हातारा झालो.

तर उत्तर लिहायचं राहिलं आणि मी पुस्तिकाच लिहायला घेतली. का घेतली, ते मला नीट सांगता येणार नाही. लिहायला सांगितलं की मी लिहितो, एवढंच असेल. हजेरी, जर्नल, आकडे खोडण्याऐवजी एका रेघेनं कापावेत, हे सगळं कुणीही लिहिलं असतं. पण मध्ये एक नियम मी मनचा घातला. 'प्रयोगाच्या मध्यावर जोडीतल्या दोघांनी जागा बदलाव्यात. ज्याने लिहिले त्याने यंत्र हाताळावे. शिक्षकांनी हे स्वतः उभे राहून पाहावे.' या नियमासाठीच बाकीची पानं लिहिली, असं आता वाटतं.

"तुमचं नाव घालणार आहेत का यावर?" बायकोनं विचारलं. जेवणाचं टेबल माझ्या कागदांनी अडवल्यामुळे ती चिडलेली होती.

"अशा पुस्तिकेवर नाव नसतं."

"मग कशावर असतं? लाइटच्या बिलावर आहे तेवढं पुरे?"

एका सकाळी दुर्बीण स्वतःच दारात उभा राहिला. हातात काठी, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, आवाज मात्र तोच.

"काय रे कारकुना, पत्राला उत्तर नाही. म्हटलं, आहेस की गेलास, बघून यावं."

"आहेत, आहेत," बायको म्हणाली. "बोलत नाहीत, म्हणून चटकन कळत नाही."

तो खो खो हसला. चहा येईपर्यंत त्यानं पानं डोळ्यांजवळ धरून वाचली. "वा! काना-मात्रेची चूक नाही." मग त्या नियमापाशी थांबला, खिशातलं पेन काढलं आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"हे नको."

"का?"

"अरे, चौघांत एक यंत्र आहे. दोन तासांत जागा कुठे बदलत बसणार? शिवाय हे छापलं की तपासणी समिती म्हणणार, यंत्रं दाखवा. कोण दाखवणार, तू?"

"निदान परीक्षेआधी एकदा तरी..."

"लिहिणाराही शिकतोच की. तू नाही शिकलास?"

"मी नापास झालो होतो."

"हो का? कशात?"

तो खवचटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"प्रात्यक्षिकात," बायको म्हणाली. "यंत्र तुमच्या हातात असायचं ना भावोजी, त्यात."

"वहिनी, तुम्ही पण कुठलं उकरून काढता! बरं, असं करू. आभाराच्या पानावर याचं नाव घालू, चांगलं ठळक. झालं समाधान?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"विचार करून कळवतो," मी म्हणालो.

तो पानं गोळा करू लागला तशी तिनं ती ट्रेखाली सरकवली. "ही एकच प्रत आहे. कळवतील तेव्हा पाठवतील."

तो गेल्यावर तिनं कप विसळायला घेतले. "तोंड होतं ना तुम्हाला?"

"होतं."

"नाव घालतो म्हणाला."

"नियम काढून."

नळ बंद करून ती वळली. "खरं सांगा, तुम्ही नियमासाठी अडलायत की त्याच्यावरच्या रागासाठी?"

"दोन्ही असेल," मी म्हणालो. यापेक्षा खरं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

संध्याकाळी पत्र लिहिलं. मायना घातलाच नाही. 'तो नियम ठेवणार असलास तर सगळी पानं घेऊन जा, माझं नाव कुठेही नको. काढणार असलास तर यातली एक ओळही वापरू नकोस.' तो काय करणार हे मला माहीत होतं. यंत्रं वाढणार नाहीत, समितीची भीती जाणार नाही. विभागात नीट अक्षराचा, मान खाली घालून बसणारा एखादा तरुण मास्तर असेलच. तो लिहून देईल. पुस्तिका वेळेवर निघेल आणि माझा नियम कुणी वाचणार नाही.

औषधांच्या दुकानाशेजारी टपालपेटी आहे. 'वापरू नकोस' फार कडक झालं का, 'वापरू नयेस' बरं दिसलं असतं का, असं घोळवत मी तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. दुकानदारानं आतून विचारलं, "काय आजोबा, काही हवंय का?"

"नाही," मी म्हणालो. पेटीचं तोंड गंजून अर्धं मिटलं होतं. लिफाफा तिरका करून आत ढकलावा लागला.