भुरीची मान

मान बांधलेली

"मावशी, पुसा ना ते. पाहुण्यांना ओकारी यायची," मॅडम म्हणाल्या.

ते म्हणजे पू. भुरी मांजरीच्या दोन कानांच्या मध्ये, दातांचे डॉक्टर वापरतात त्या सिमेंटने, बाटलीच्या झाकणाएवढी टोपी बसवली होती. टोपीच्या कडेने रोज सकाळी पिवळं काहीतरी झिरपायचं. मावशींनी श्वास रोखून ओल्या कापसाने ते पुसलं. बोळा बादलीत टाकला.

आणि भुरी घुरघुरत होती.

पुवाचं एक वेळ ठीक. मावशींना शिसारी यायची ती या घुरघुरण्याची. फिसकारली असती, ओरबाडलं असतं, तर हात झटकून मोकळं होता आलं असतं. पण मांजरांना रात्रभर उपाशी ठेवायचं आणि खाणं फक्त टेबलावर, मावशींच्या चमच्यातूनच द्यायचं, अशी या प्रयोगशाळेची रीत. म्हणून पिंजरा उघडला की भुरी आपण होऊन धावत यायची. मॅडम याला सवय लावणं म्हणायच्या. मावशी घरी दुसरा शब्द वापरायच्या आणि सून कानांवर हात ठेवायची.

अंगाला कापडी पिशवी. डोकं लोखंडी चौकटीत घट्ट. मावशी समोर, जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीवर, चमचा धरून, म्हणजे भुरीची नजर नाकासमोर राहील. मॅडम यंत्राशी, टेबलाकडे पाठ करून, कागदावर उमटणाऱ्या रेषा बघत.

वीज.

भुरीचे दोन्ही डोळे सरकन उजवीकडे गेले. कुणी कान धरून ओढावं तसे.

वीज बंद. डोळे परत मावशींवर.

"तिला कळतं का हो, मॅडम?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"काय कळणार?" मॅडम बिस्किट खात होत्या. त्याच खोलीत, त्याच वासात! "कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे ना, तिथून डोळ्यांना हुकूम सुटतो. मानेलाही. आपण तिथे तार घालून तो बाहेरून सोडतो. तिला वाटत असेल, आपणच वळलो."

बिस्किटाचा चुरा मॅडमच्या ओठावर होता. मावशींनी मान फिरवली होती.

काल, घरी

"आई, आधी अंघोळ. मग बाळाला घ्या."

"हात धुतलेत गं साबणाने."

"हातांचं नाही म्हणत मी. केसांना येतो वास."

आतल्या खोलीतून मुलगा ओरडला, "वाघाची मावशी आली का?" आणि स्वतःच खो खो हसला.

मावशी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या. "परवा भुरीला सुई देणार. मग मेंदू काढून काप करून बघायचे, तार नेमकी कुठे होती ते. सगळे आकडे जमलेत म्हणे."

"बरं मग?"

"मग काय! धरायचं मीच. माझ्याकडेच गप राहते ना."

सुनेचा कांदा चिरणारा हात थांबला. "नका धरू. सांगा, जमत नाही."

"मी नाही धरलं तर चिमटा आहे त्यांच्याकडे. गळ्याला लावतात."

"शी! आई, जेवायच्या वेळी!" सुरी पुन्हा चालू झाली. मग हळूच, "आणि इकडे आणायचं म्हटलं तर?"

"टोपीचं मांजर दाराबाहेर सोडत नाहीत."

मान मोकळी

पाहुणे चार होते. एकाने नाकाला रुमाल लावला, बाकीच्यांनी लाजेखातर नाही लावला.

मॅडमनी चौकट सैल केली. "आता मान मोकळी आहे. बघा."

वीज. आधी डोळे गेले आणि त्यांच्यामागोमाग अख्खं डोकं उजवीकडे वळलं. वीज बंद. डोकं परत मावशींकडे, चमच्याकडे. वीज. गेलं. बंद. आलं.

रुमालवाला हसला. "अरे वा! पुन्हा दाखवा." मग सगळेच हसले. भुरी जीभ बाहेर काढून चमच्यापर्यंत यायची आणि चाटायच्या आतच तिचं तोंड फिरायचं. जीभ तशीच बाहेर. पाहुण्यांना तीच मोठी गंमत.

"अजून एकदा?"

हे हसणारे दात, ती लोंबती जीभ, स्वतःचा तो पुढे केलेला हात, सगळंच मावशींना ओकून टाकावंसं वाटलं. त्यांचे पाय पट्टीवरून निघाले आणि त्या टेबलाला वळसा घालून उजवीकडे जाऊन उभ्या राहिल्या. वळवतातच आहेत, तर निदान वळल्यावर समोर चमचा तरी असू दे.

भुरी वळली. वीज नव्हती.

"मावशी! पट्टीवर!"

रुमालवाल्याचा रुमाल खाली आला. "या नेहमी कुठे उभ्या असतात?"

"पट्टीवरच," मॅडम म्हणाल्या.



"नाही मॅडम," मावशी म्हणाल्या. "पाय भरून येतात माझे. मान सोडली की मी इकडेच येऊन टेकते. तुमची पाठ असते ना."

खोटं होतं. आजवर त्यांनी पट्टी सोडली नव्हती.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. "म्हणजे मान विजेने वळली की तुमच्यासाठी... मावशी, कळतंय का तुम्हाला काय केलंत? सगळं पुन्हा करावं लागेल!"

"मग उद्याची सुई?"

"सुई कसली आता? काही महिने तरी ही आणि मी इथेच!"

मावशींनी मान खाली घातली, म्हणजे चेहरा दिसू नये. मग त्यांची नजर टोपीच्या कडेवर गेली. तिथे पुन्हा पिवळं जमायला लागलं होतं. काही महिने. त्या मोरीशी गेल्या आणि नळ मोठा सोडून खरोखरच ओकल्या.

पडदा

आता टेबलाच्या उजवीकडे छतापासून जमिनीपर्यंत काळा पडदा असतो. भुरीला टेबलावर मावशीच आणतात, दुसऱ्या कुणाकडे ती येत नाही. पण नंतर त्यांनी पडद्याआड जायचं. समोर एक दिवा लुकलुकतो आणि खाणं नळीतून येतं.

"बोलू नका, खोकू नका," मॅडम रोज बजावतात. "तुमच्या चाहुलीलाही वळते ती."

विजेचा खटका वाजला.

"छान. ही विजेची."

पुन्हा खटका. "हीसुद्धा."

मग बराच वेळ खटका वाजलाच नाही. पडद्यापलीकडे पिशवी खसखसली.

"मावशी, वीज नसताना वळली ही. हललात का तुम्ही?"

"नाही मॅडम."

खरंच हलल्या नव्हत्या. तोंडात आलेलं आंबट पाणी, आवाज होऊ नये म्हणून, त्यांनी सावकाश गिळलं.