रोजची पाच वाक्यं

इंग्रजीच्या बाई वह्या तपासायला बसल्या की बघत राहावं. बावन्न वह्या, एक तास, आणि चहा गार व्हायच्या आत काम फत्ते. युक्ती त्यांची स्वतःचीच. सहावीच्या मुलींनी रोज मनाची पाच इंग्रजी वाक्यं लिहून द्यायची. नामाखाली एक रेघ, क्रियापदाखाली दोन, क्रियाविशेषणाखाली नागमोडी. पोरी अडखळतात त्या क्रियाविशेषणाशीच, म्हणून बाई तेवढ्या नागमोडी रेघा बघायच्या. शब्द बरोबर, की टिक. पुढची वही. अख्खी वाक्यं वाचत बसायला वेळ आहे कुणाला?

त्या दिवशी एका वहीत रेघाच नव्हत्या. वही मुंगीची. खाली मान घालून सारखी कामात, म्हणून वर्गाने पोरीला ठेवलेलं नाव. तिने रेघा विसराव्यात म्हणजे नवलच. बाईंच्या कपाळाला आठी पडली. आता क्रियाविशेषण शोधायचं तर वाक्य वाचणं आलं.

'आज धाकटीचं अंग फार तापलंय. ती सारखी पाणी मागते. आई लवकर कारखान्यात गेली. मी पेला धाकटीजवळ जपून ठेवला. मी बाहेरून कुलूप नीट लावलं.'

इंग्रजी मोडकंतोडकं, पण पाचही क्रियाविशेषणं अचूक. बाईंचं लाल पेन मात्र हलेना. त्यांनी मागचं पान उलटलं. 'धाकटी आत मोठ्याने रडते. मी भरभर चालते, म्हणजे ऐकू येत नाही.' त्याच्या मागे, 'काल धाकटीचा हात वाईट भाजला.' त्याच्याही मागे, 'शेजारच्या आजी कायमच्या गेल्या. आता धाकटी एकटी राहते.' तीन आठवड्यांची पानं. प्रत्येक वाक्यापुढे लाल टिक आणि पानाखाली शेरा, तोही बाईंच्याच हातचा.

बाईंनी वही मिटली. त्या तशाच उठल्या, मुंगीला वर्गाबाहेर बोलावलं आणि हे सगळं खरं का, म्हणून विचारलं. मुंगीने मान हलवली. बहीण केवढी? तीन वर्षांची. घरात आत्ता कोण आहे? तीच. किल्ली? मुंगीने गळ्यातली दोरी ओढून दाखवली.

व्हरांड्यात मुख्याध्यापिका काहीतरी विचारत होत्या, पण ऐकायला बाई थांबल्याच नाहीत. वर्ग वाऱ्यावर सोडून त्या निघाल्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं. मुंगी पुढे, बाई मागे. दोन गल्ल्या, एक पूल, मग अंधारा जिना. बाईंना कुलूप काही उघडेना. शेवटी मुंगीनेच किल्ली घेतली आणि एका झटक्यात उघडलं. हाताला सवय होती ना.

धाकटी दाराशीच जमिनीवर पडली होती, फटीला गाल लावून. पेला रिकामा. अंग तव्यासारखं तापलेलं. बहिणीला बघून तिने कसेबसे डोळे उघडले.

"ताई, आज मी रडले नाही."

बाईंनी खाली बसून धाकटीच्या कपाळाला हात लावला. आणि जीव भांड्यात पडला की माणसाला आधी राग येतो, तसा त्यांना आला. आला तो भलत्याच जिवावर.

"अगं, एवढं सगळं चाललं होतं, तर मला सांगायचंस ना!"

मुंगी गोंधळली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. धाकटीचे केस सारखे करत ती हळूच म्हणाली, "सांगितलं की, बाई. रोज लिहीत होते. तुम्ही खाली लिहायचात, 'छान, असंच चालू ठेव.' म्हणून मी चालू ठेवलं."

बाईंनी धाकटीला उचलून खांद्यावर घेतलं आणि डॉक्टर कुठे बसतात ते विचारलं.