बायनाबाईंची ओळ

गेल्या वर्षी रोवण्यात, धानाची रोपं लावताना, माझ्या सासूबाईंची, बायनाबाईंची, ओळ डावीकडे सरकू लागली. दोरी न लावता धानाची ओळ सरळ धरणारी म्हणून गावात त्यांचं नाव. चिखलातल्या बायांनी चिडवलं, "बायनाबाई, तुही ओळ तं थेट एटापल्लीले निंगाली." त्या हसल्या आणि हसता हसता बांधीतच, त्या धानाच्या खाचरातच, बसल्या. बांधी गरगर फिरत होती म्हणे.

चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले, आतल्या कानाचा आजार. डाव्या कानाचं ऐकणं कमी होत जाईल, अधूनमधून चक्कर येईल, मीठ कमी करा. आईंनी भाजीतलं मीठ सोडलं. सुक्या मासोळीचा डबा सोडला नाही. "मासोळीले मी थोडीच मीठ लावलं?"

येत्या सोमवारी माझी बाळंतपणाची रजा संपत होती. मी शिकवते ती शाळा बावीस किलोमीटरवर, आणि सात महिन्यांची रोशनी आईंपाशी राहणार. मला सारखं दिसायचं: अंगण, चक्कर, कडेवर रोशनी.

म्हणून रोज सकाळी मी त्यांची परीक्षा घ्यायची, डॉक्टरांनी घेतली होती तशी. पाय जुळवून, डोळे मिटून, तीस आकडे न डोलता उभं राहायचं. फक्त निमित्त वेगळं.

"आई, डोळे मिटा जरा, पापणीवर कचरा आहे."

"काल पीस होतं, परवा साबण. मह्या पापणीवर एवढं सामान कुठून येऊन राह्यलं वं?" त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "तीस कवाचे झाले. आता तू उभी राह्य."

रात्री रोशनीनं तीनदा उठवलं होतं. बाराव्या आकड्यालाच मी डोलले. आईंनी माझं कोपर धरलं.

"नापास. हिच्यापाशी पोरगी कोन ठेवन?"

ओसरीवर जोडे घालणारा अश्वजित, माझा नवरा, खाली मान घालून हसला.

शनिवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. रोशनीला घेऊन अंगणात फिरता फिरता आई थांबल्या. हात डाव्या कानावर गेला. मी बाहेर येईपर्यंत त्या होत्या तिथंच मातीत बसल्या होत्या, रोशनीला समोर खाली ठेवलं होतं, आणि "सत्यशीला" अशी एकच हाक दिली होती. शेजारची सत्यशीला कुंपणातून आली, रोशनीला उचलून ओसरीवर गेली. आई तासभर तिथंच डोळे मिटून आडव्या होत्या, दोनदा उलटी झाली.

उठल्यावर म्हणाल्या, "चक्कर याच्या आधी कान भरते, सांय सांय करते. तवाच बसाचं, पोरीले खाली ठेवाचं, मंग आवाज द्याचा. आमचं ठरलं हाये."

"कधीपासून?"

"तू मह्या पापण्या झाडाले लागली, तवापासून."

सोमवारी निघताना मी रोशनीला त्यांच्याकडे दिलं. त्यांनी तिला सतरंजीवर बसवलं, स्वतःचे पाय जुळवले आणि आपणहून डोळे मिटले.

"पाह्य, कचरा हाये का?"

"नाई."

"मंग जा. बस चुकन."

गेले. मासोळीचा डबा मात्र माझ्या पिशवीत होता.