शिरेवरचा फुगा

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले, तसं केसरबाईने नवऱ्याचं, कवडूचं मनगट घट्ट धरलं. थंड पडलं होतं ते.

डावीकडचा फोटो गेल्या आठवड्यातला, एमआरआयचा. त्यात कवडूच्या मेंदूतल्या एका शिरेवर बारीक फुगा दिसला होता. "इतकं लहान असलं की एमआरआय कधी कधी फसवतो," असं म्हणून बाईंनी शिरेत औषध सोडून सीटी अँजिओ करायला सांगितली. तेव्हापासून कवडूचं जेवण सुटलं. पांढुर्ण्यात नगरपालिकेच्या नळांना पाणी सोडण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. फुगलेल्या पाइपाचं पुढे काय होतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

शिवाय घरात एकदा होऊन गेलं होतं. थोरला भाऊ भैय्याजी डोकं धरून बसायचा, तेव्हा सगळे म्हणायचे, पोळ्यानंतरच्या गोटमारीत, त्या दगडफेकीच्या जत्रेत, कपाळाला गोटा लागला होता ना, त्याचंच हे! आमच्या गावात डोकेदुखीचं खापर गोट्यावर फोडायची रीतच आहे. गेल्या वर्षी भैय्याजी अंगणात कोसळला तो उठलाच नाही. शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून कवडूचं डोकं दुखायला लागलं तेव्हा वहिनी यमुना हटूनच बसली, "नागपूरले जा भाऊजी. गोट्याचं नाव मले सांगू नका."

"फुगा नाही," डॉक्टरीणबाई उजवीकडच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या. "दुसऱ्यात स्वच्छ दिसतंय. इथून एक बारीक शीर निघते, तिचं तोंड जरा रुंद आहे, तेच आधी फुग्यासारखं दिसलं, एवढंच. बीपीची गोळी मात्र चुकवू नका."

"म्हंजे धोका नाही?" कवडूने विचारलं.

"नाही."

केसरबाई तिथेच रडायला लागली. "आठ दिवस माह्या जिवाले घोर लावला तुमी. आता तरी जेवसान का?"

"जेवतो ना वं. भूक तं आत्ताच लागून राहिली," कवडू हसला.

बाहेर येताच त्याने यमुनेला फोन लावला. "वहिनी, काहीच नाही निंघालं!" बोलता बोलता त्याला स्वतःच्या आनंदाची लाज वाटली. "भैय्याजीच्या डोक्याचा असा एक तरी फोटो काढाले पायजे होता..."

"राहू द्या ते, भाऊजी. घरातला एक तं वाचला. या सावकाश, मी स्वयंपाक करून राहिली."

पण फोन तिने ठेवला नाही. भैय्याजी गेला तेव्हा आल्यागेल्याला चहा करत राहिलेली यमुना कोणासमोर रडली नव्हती. आता ती रडत होती. दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून कवडू ऐकत राहिला.