तिसरा कौल

मोठ्या कामाला देवीचा होकार लागोपाठ तीनदा यावा लागतो, ही आमच्या बंदरावरची रीत. नवी होडी घ्यायची असो की मुलीचं लग्न ठरवायचं असो, कौल तीन. मध्येच एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई ही रीत त्या दिवशीही सोडायला तयार नव्हत्या, आणि तिकडे सासरे डोक्यात रक्त साकळून दवाखान्यात बेशुद्ध पडले होते.

डॉक्टर ल्याव वयाने लहान, पण नीट समजावून सांगणारा. म्हणाला, "ऑपरेशन केलं तर दहातले सहा-सात वाचतात. नाही केलं तर वाचणं कठीण. दुपारच्या आत घरातल्या कुणीतरी सही द्या."

"हे वाचतील का, ते सांगा," सासूबाई म्हणाल्या.

"शक्यता बरी आहे, मावशी."

"शक्यता नको मला. खात्री सांगा."

"ती मला देता येत नाही."

"मग जी देते तिलाच विचारते." आणि मला म्हणाल्या, "स्कूटर काढ."

माझा नवरा टूना मासे पकडणाऱ्या जहाजावर, कुठल्या कुठे. फोन कसाबसा लागला, तर म्हणतो, "आई म्हणेल तसं करा." माझं डोकंच फिरलं. समुद्रात बसून एवढं बोलायला काय जातं?

मी चौथीला गणित शिकवते. त्याच आठवड्यात मुलांना खात्रीचं काय, बहुतेक होणारं काय आणि अशक्य काय, हे शिकवत होते. मासा झाडावर चढणं अशक्य, असं मी म्हटलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, निवटी चढते की." खाडीकाठची पोरं ती, त्यांना काय सांगणार? मग आम्ही नाणी उडवली. आधी काय पडलं ते नाण्याला आठवत नाही, हे वाक्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

दर्याची देवी मात्सू, तिच्या देवळात सासूबाई गुडघ्यांवर बसल्या. लाल रंगाच्या दोन लाकडी चंद्रकोरी ओंजळीत धरल्या, कपाळाला लावल्या. "माते, ऑपरेशन करू का?" टाकल्या, तर एक उताणी, एक पालथी पडली. होकार. दुसऱ्या खेपेला दोन्ही पालथ्या, म्हणजे नाही. पुन्हा पहिल्यापासून. मग दोन्ही उताण्या, म्हणजे देवी नुसती हसली. पुन्हा. घड्याळ पुढे चाललं होतं आणि सासूबाई कोरी वेचत होत्या.

शेवटी मला राहवलं नाही. "आई, एकदा होकार पडायची शक्यता निम्मी. लागोपाठ तीन म्हणजे आठात एक. देवी नाही म्हणत नाहीये, तुमची रीतच नाही म्हणतेय."

"तोंड सांभाळ बी-युन. कुणासमोर उभी आहेस?"

"मग उलटं विचारून बघा. यांना घरी नेऊ का, म्हणून विचारा. त्यालाही तीन पडणार नाहीत."

मी रागाच्या भरात बोलले होते. त्यांनी मात्र खरंच विचारलं. "माते, यांना तसंच घरी नेऊ का?"

होकार पडला.

त्यांनी कोरी उचलल्या, पुन्हा टाकल्या. पुन्हा होकार.

तिसरा पडेल किंवा पडणार नाही, शक्यता तीच, निम्मी. फळ्यावर मीच तर लिहिलं होतं. पण ती निम्मी मला सोसेना. सासूबाईंनी हात उचलला तसं मी त्यांचं मनगट धरलं.

"नका टाकू."

"का ग? तुझं तर गणित आहे ना? मग भितेस कशाला?"

मी मनगट सोडलं नाही. त्यांनीही हात सोडवून घेतला नाही.

"मला काय कळत नाही का ग?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जन्मभर कौल लावतेय. टाकत राहिलं की कधीतरी तीन पडतातच. मला उत्तर नकोच होतं. उद्या हे गेले, तर देवीने सांगितलं होतं, एवढं म्हणता यायला हवं होतं. माझ्या तोंडून हो निघालं आणि हे परत आले नाहीत, तर मी त्या घरात राहू कशी?"

इतका वेळ मी या बाईवर चिडत होते. आता त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले.

"मग माझं नाव सांगा," मी म्हणाले. "सुनेने ऐकलं नाही, तिनेच सही केली म्हणा. सगळ्या बंदराला सांगा."

"सांगेन. सोडणार नाही तुला. मरेपर्यंत बोलून दाखवेन."

"दाखवा."

त्यांनी कोरी टाकल्या नाहीत. दोन्ही हातांनी तबकात ठेवल्या आणि माझ्या खांद्याला धरून उठल्या.

दवाखान्यात पोचताच सही मी केली. सासऱ्यांना आत नेलं, दार लागलं. सासूबाई बाकाच्या त्या टोकाला बसल्या, मी या टोकाला.

"दहातले किती म्हणाला तो डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"सहा-सात."

"आणि उरलेले? त्यांच्यासाठीही कुणीतरी सही केलीच असेल ना?"

"केली असेल, आई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण सरकत सरकत जवळ आल्या आणि ज्या हाताने मी सही केली होती तो आपल्या मांडीवर ओढून घेतला.