बत्तिसावे नाव

आडेल कोवालचिकच्या पत्राला मी चौदा महिने उत्तर दिले नाही. पत्र मी पक्ष्यांवरच्या एका जाड पुस्तकात ठेवले होते. ते पुस्तक गावात माझ्याशिवाय कोणी उघडत नाही, हे ग्रंथपाल म्हणून मला पक्के ठाऊक होते.

आमच्या गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा मी सव्वीस वर्षे सचिव आहे. पाण्याचा पाइप मला उचलवत नाही, पण अक्षर बरे आहे. सभेच्या वहीत दर हिवाळ्यात मी एक वाक्य लिहीत आलो : ‘नव्या सभासदाचे रिवाजाप्रमाणे स्वागत झाले.’

तो रिवाज असा. जानेवारीतल्या रविवारी भर दुपारी, ओढ्याचा बर्फ फोडून कॅनव्हासचा हौद भरायचा. नव्या माणसाने त्यात गळ्यापर्यंत बसायचे. मग सचिव हजेरी घेणार. जुने सभासद, हल्ली एकतीस, ‘हजर’ म्हणणार, शेवटी त्याचे नाव येणार, आणि त्याने ‘हजर’ म्हटले की तो आपला झाला. बाहेर ब्लँकेट, गरम सूप, पाठीवर थापा. मी नावे भराभर वाचत असे. तीच माझी दया, असे मी मानत होतो.

आडेल, गेल्या वर्षीच्या नव्या सभासदाची बायको, तीन गल्ल्या सोडून राहते, तरी तिने पत्र टपालाने पाठवले होते. ‘मिस्टर लेहमन, त्या हौदातून निघाल्यापासून एमिलच्या छातीत कळा येतात. डॉक्टर म्हणतात, हृदयाला इजा झालीय. लोक हसतील म्हणून तो कोणाला सांगू देत नाही. तुम्ही वही लिहिता, तुमचं ऐकतील. पुढच्या माणसाच्या आधी सांगा.’

पुढचा माणूस डेनिस ट्रॉयर होता. तेवीस वर्षांचा. त्या रविवारी मी खोकल्याचे निमित्त सांगून घरी बसलो. हजेरी कॅप्टन ग्लेन स्टॉफरने घेतली. एकेका नावावर एकेक विनोद. सात मिनिटे लागली. बत्तिसाव्या नावाला कोणी ‘हजर’ म्हटले नाही.

ग्लेनवर बेपर्वाईने मृत्यू घडवल्याचा खटला उभा राहिला. त्याच्या वकिलाने मला विचारले, “सव्वीस वर्षांत कुणाला इजा झाल्याची वहीत नोंद आहे?”

“नोंद नाही,” मी म्हणालो.

त्याने फक्त नोंदीचे विचारले, मी फक्त नोंदीचे सांगितले.

ज्यूरी निकाल ठरवायला आत गेली त्याला दुसरा दिवस होता. कोर्टाच्या बोळातल्या बाकावर डेनिसची आई, इर्मा ट्रॉयर, माझ्या शेजारी बसली होती. तिने चांदीच्या कागदातले सँडविच माझ्यापुढे धरले.

“घ्या हो. तुम्ही काल पण काही खाल्लं नाहीत.”

“भूक नाही.”

“मला तरी कुठंय? पण हाताला काहीतरी काम हवं ना. हो, डेनिसने तुमच्याकडून आणलेली दोन पुस्तकं घरीच राहिलीत. आणून देईन.”

“राहू द्या तुमच्याकडे.”

“एकात त्याची खूण आहे,” ती म्हणाली. “निम्म्यावर.”

कॉफीच्या यंत्रापाशी ग्लेन दलाच्या चार माणसांत उभा होता. कोट त्याला ढगळ होऊ लागला होता. “काय ओरेन, गेला का खोकला?” तो म्हणाला. चौघे हसले. तो स्वतः हसला नाही.

दुपारी आम्हाला आत बोलावले. ज्यूरीची चिठ्ठी आली होती : सचिवाची साक्ष पुन्हा ऐकायची आहे. लेखनिक बाईने सपाट आवाजात माझे शब्द वाचले. ‘नोंद नाही.’ पत्र माझ्या कोटाच्या खिशात होते. सरकारी वकिलाचे टेबल बारा पावलांवर होते. मी अंतर मोजले, उठलो नाही.

तासाभराने निकाल आला : निर्दोष.

इर्मा रडली नाही. चांदीच्या कागदाची घडी घालत राहिली. “तुम्ही तरी खरं बोललात,” ती मला म्हणाली, आणि गेली.

पायऱ्यांवर ग्लेनने मला गाठले. मी वाट काढून जाऊ लागलो, तर त्याने बाही धरली. “मी हळू वाचलं रे,” तो म्हणाला. “तू असतास तर पटकन वाचलं असतंस. का नाही आलास?”

सोमवारी दलाची सभा होती. विषयपत्रिकेवर पुढच्या हिवाळ्यासाठी दोन नवी नावे होती. मी हजेरी घेतली. एकतीस झाले. मग मी वाचले, “डेनिस ट्रॉयर.”

मी खिशातून पत्र काढले आणि नावे गाळून वाचू लागलो. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता.

“बस कर, म्हाताऱ्या!” मागून कोणीतरी ओरडले. “खटला संपला!”

“वाचू दे त्याला,” ग्लेन म्हणाला.

वाचून झाले तेव्हा एमिल कोवालचिक उभा राहिला. सहा फूट उंच, हात खुर्चीच्या पाठीवर. “ते माझ्या बायकोचं पत्र आहे,” तो म्हणाला. “छाती माझीच आहे. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ता हसून घ्यावं.”

कोणी हसले नाही. पण रिवाज बंद करण्यावर मतही घेतले नाही, पुढच्या सोमवारी बघू म्हणाले. पुढच्या सोमवारी मी पुन्हा बत्तीस नावे वाचणार आहे. त्याच्याही पुढच्या सोमवारी.

त्या रात्रीच्या वहीत मी ‘रिवाजाप्रमाणे’ हा शब्द लिहिला नाही. पत्र शब्द न् शब्द उतरवले. खाली लिहिले : ‘हे सचिवाला डेनिसच्या मृत्यूच्या दहा महिने आधी माहीत होते. तो घरी बसला, आणि कोर्टात गप्प राहिला.’ सही केली. त्या पानाची एक प्रत उद्या मी स्वतः इर्मा ट्रॉयरच्या दारात घेऊन जाणार आहे. ती टपालाने पाठवायची गोष्ट नव्हे.

दुसऱ्या प्रतीबरोबर आडेलला चार ओळी लिहिल्या. क्षमा मागायला शब्द शोधत बसलो तर आणखी चौदा महिने जातील, म्हणून मागितली नाही. एवढेच लिहिले : ‘तुमचे पत्र मला वेळेवर मिळाले होते.’

आज सकाळी कोपऱ्यावरच्या पेटीत ते पाकीट टाकले, आणि झाकण पडल्याचा आवाज ऐकूनच तिथून हललो.